माठातलं गार पाणी

आई,

ओट्यावरचं झाकलेलं पातेलं घासायला टाकू नकोस. त्यात अप्पांच्या मिशाळ माशांची अंडी आहेत.

काल तू माशांच्या टाकीत माठातलं गाळलेलं गार पाणी ओतलंस. मी ओरडले, तर म्हणालीस, "आपल्याला गार लागतं, त्यास्नी नको व्हय?" मला वाटलं, सकाळी सगळे मेलेले दिसणार. पण त्यातली एक मादी पोटाखालचे पर ओंजळीसारखे जुळवून त्यात अंडी धरत होती आणि वर जाऊन काचेला चिकटवत होती. दूध उतू गेलंय ते मी बघत राहिले म्हणून. गार पाण्यानं यांना पावसाळा आल्यासारखं वाटतं, असं आत्ता वाचलं. अप्पा इतकी वर्षं पाणी कोमट करून घालायचे. त्यांना हे कधी दिसलंच नाही.

टाकीतले मासे अंडी खातात, म्हणून मी ती बोटानं अलगद सोडवून घेतली. हवेचा छोटा पंप आणायला सांगलीला जाते.

दुपारी कडेगावचे शंभूराज टाकी न्यायला येतील. मीच बोलावलंय, अप्पा गेल्यापासून त्यांच्या खुर्चीसमोरची ती टाकी मला बघवत नव्हती. त्यांना चहा दे आणि परत पाठव. घरात बाळंतपण आहे म्हणून सांग.

ब्राह्मी