अडीच बोटं

छावणी (गाव लिहायची मुभा नाही), ता. १२ सप्टेंबर १९७१

ति. स्व. दादांस सहादेवचा सा. न. वि. वि.

पत्र घेऊन येणारा राधाकृष्ण माझा जोडीदार. मी रायफल धरतो, तो शेजारी पडून शत्रू हुडकतो. संगमनेरकडचा आहे, जेवू घातल्याशिवाय सोडू नका.

तुमच्या कारखान्यातल्या दुर्बिणी आम्हाला मिळाल्या. रायफलीवर दुर्बीण बसवायची बैठक माझ्या भावाने आखलीय, हे मी साऱ्या पलटणीला सांगून बसलो आणि आता तोंड लपवतोय. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि दुर्बिणीची कडा भुवईवर आदळते. आठांपैकी सातजणांच्या भुवईला खोक पडली. त्याला इथे ‘दादांचा टिळा’ म्हणतात! हसण्यावारी नेलं असतं, पण हल्ली घोडा दाबायच्या आधीच माझा डोळा आपोआप मिटतो, आणि त्याची मला भीती वाटते. दुर्बीण जरा पुढे सरकवा. एकदा पोटावर झोपून डोळ्याचं अंतर मोजा, एवढंच मागणं आहे.

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
सहादेव

अहमदनगर, ता. २५ सप्टेंबर १९७१

चि. सहादेव यास कानिफनाथचे अनेक आशीर्वाद.

राधाकृष्ण येऊन गेला. तुझ्या वहिनीच्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या आणि पाचवीला लाजला. सरावात झालेली भुवईवरची खूण त्यानेही दाखवली. मी त्याला सांगितलं तेच तुला सांगतो, दस्ता खांद्यात घट्ट रोवा. नाचता येईना अंगण वाकडे! रायफल व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून पन्नास गोळ्या झाडल्या, नेम केसभर हलला नाही. डोळ्याचं अंतर मी स्वतः स्टुलावर बसून घेतलंय. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मंजूर झालेलं ड्रॉइंग तुमच्या टेंगळांसाठी बदलायला मी जाणार नाही.

कोल्हारला आई बरी आहे. जपून राहा, पत्र पाठवत जा.

तुझा,
दादा

छावणी, ता. २२ डिसेंबर १९७१

ति. स्व. दादांस सा. न. वि. वि.

लढाई थांबली. मी धडधाकट आहे. राधाकृष्ण गेला.

समोर त्यांचा मशीनगनवाला होता. राधाकृष्णने दाखवला, मी दुर्बिणीत पकडला. त्याच्या कोटाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं. घोडा दाबताना डोळा मिटला. गोळी वरून गेली. दुसरी भरेपर्यंत तिकडून फैर आली, ती राधाकृष्णने अंगावर घेतली.

दादा, मी तुम्हाला दोष देत नाही. डोळा माझाच मिटला. पण त्याच्या आईला, केशरबाईंना, सरकारी तारेपलीकडे कोणी काही सांगणार नाही. मला तोंड नाही. तुम्ही जाऊन या. हे पत्र सुट्टीवर निघालेल्याच्या हाती देतोय.

आपला,
सहादेव

अहमदनगर, ता. १६ जानेवारी १९७२

चि. सहादेव यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी कारखान्यात सगळ्यांदेखत फरशीवर पालथा पडलो आणि रायफल खांद्याला लावली. झोपलं की मान आपोआप पुढे जाते. डोळा स्टुलावरच्यापेक्षा अडीच बोटं जवळ येतो. तू हेच लिहिलं होतंस. साहेबांना दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं. बैठक पुढे सरकवून नवं ड्रॉइंग करायला दोन दिवस लागले. सहादेव, दोनच दिवस! सप्टेंबरात मला ते जड झाले होते.

गेल्या रविवारी केशरबाईंकडे गेलो. तुझं नाव पुढे करून सुटता आलं असतं, पण धीर झाला नाही. स्टूल, भुवया, तुझं पत्र, माझं उत्तर, सगळं सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्यांनी चहा ठेवला. मी निघताना एवढंच विचारलं की त्याला लई दुखलं का.

मला ठाऊक नाही. शेजारी तू होतास. खरं असेल तेच लिही, माझ्यासाठी काही मऊ करू नकोस. तुझं उत्तर आलं की लगेचच्या रविवारी येऊन वाचून दाखवतो, असं मी त्यांना कबूल केलं आहे.

मोठेपण सांभाळता आलं नाही, तरी भाऊ म्हणून ठेव.

तुझा,
कानिफनाथ