जास्तीची बॅटरी

विल्बर, नेब्रास्का
६ एप्रिल १९५२

प्रिय ब्रेक्के काका,

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि कागद चुलीत टाकतो. इथे बर्फ वितळलं, वडिलांनी ओटची पेरणी सुरू केली. मी मात्र धडधाकट असून दिवसभर अंथरुणात पडून असतो. आई दाराशी ताट ठेवून जाते. 

तुमचा ॲल्विन तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात वाल्व्ह बदलायला शिकलेला, म्हणून पलटणीतला पाठीवरचा रेडिओ त्याच्याकडेच आला. केवढं धूड ते! मी त्याचा जोडीदार; जास्तीची बॅटरी माझ्या पाठीवर. कोरियातल्या थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकायची, म्हणून तो ती पांघरुणात घेऊन झोपायचा. “बायको मिळाली रे तुला!” पोरं चिडवायची. “निदान ही उलट तरी बोलत नाही,” तो म्हणायचा.

रेडिओला तोफगोळ्याचा तुकडा लागून तो बंद पडला, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ते खोटं होतं, काका.

त्या सकाळी आम्ही एक उभा डोंगर चढत होतो. माझे पाय बधिर झाले होते, खांदा सोलून निघाला होता. रेडिओत नवी बॅटरी घातलेलीच आहे, आजचा दिवस निघेल, असं मनाशी म्हणालो आणि कुणाचं लक्ष नाही बघून पाठीवरची बॅटरी घळीत टाकून दिली. खरं सांगू? फार बरं वाटलं.

दुपारी आमच्याच तोफांचे गोळे आमच्यावर पडू लागले. ॲल्विन रेडिओवर ओरडत होता, “थांबवा! आमच्यावर पडतायत!” मध्येच रेडिओचा आवाज बसला. त्यानं माझ्याकडे हात केला, “क्लॅरन्स, दुसरी दे.” मी म्हणालो, “नाही माझ्याकडे. टाकली.”  त्यानं शिवी दिली असती तरी चाललं असतं. “बरं,” तो म्हणाला, “मग खालच्या तुकडीच्या रेडिओवरून सांगतो.” रेडिओचे पट्टे सोडून तो उतारावरून धावत सुटला. मी त्याच्यामागे गेलो नाही. चाळीस पावलं गेला असेल, तोच एक गोळा त्याच्यावर पडला. त्यानंतरही गोळे पडतच राहिले. आमचे अकरा जण गेले.

तुम्ही लिहिलंत की दुकानाच्या पाटीवर ‘ब्रेक्के आणि मुलगा’ तसंच ठेवलंय, आता मुलाच्या जागी मी यायचं. काकूंनी ॲल्विनची खोली माझ्यासाठी झाडूनही ठेवलीय. म्हणून आज हा कागद चुलीत टाकत नाही. मी येणार नाही. काकूंना हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माफी मागत नाही. ती देणं तुमच्या हातात राहिलेलं नाही. फक्त ती खोली आता बंद करा.

तुमचा म्हणवून घ्यायची लायकी नसलेला,
क्लॅरन्स दुफेक