मला पटत नाही, दादा

नांदेड,
५ मार्च २०२५

प्रिय दादास,

नमस्कार. आईला साष्टांग, पुनमवहिनीला प्रेम, आणि घरात तुला न घाबरणारी एकटीच जी आहे, तुझ्या खुर्चीत झोपणारी मांजर, तिला माझा खास सलाम.

पत्र बघून चकित होशील. परवाच तर फोन झाला आपला. पण फोनवर आपलं बोलणं कसं होतं तुला ठाऊक आहे. तू म्हणालास, "आरती, बॅनर लागलं बघ. लई पोरी येऊन राहिल्यात चौकशीला. सामान बांधून ठेव, पाडव्याला बॅच चालू." मी म्हणाले, "हाव दादा." तू फोन ठेवलास. मी हातातल्या फोनकडे बघत बसले, की हे 'हाव' नेमकं कोण बोललं? म्हणून लिहायला बसले आहे. कागदावर निदान माझ्या तोंडून आपोआप काही निघत नाही.

लातूरच्या तुझ्या क्लासवरच्या बॅनरचा फोटो वहिनीनं पाठवला. फोटो मोठा छान आहे, तिच्या बहिणीच्या लग्नातला, फक्त शेजारच्या करवलीचा अर्धा खांदा तसाच राहिलाय. 'नर्सिंगच्या विद्यार्थिनींनो, इटली तुमची वाट पाहते आहे! सहा महिन्यांत इटालियन! खास लातूर पॅटर्न! मार्गदर्शक : प्रा. आरती मॅडम, वरच्या पातळीची परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण!' मी प्राध्यापक कधी झाले, ते मलाही बॅनरवरूनच कळलं. त्या बॅनरविषयी मला बोलायचं आहे, पण आधी इकडची खबरबात सांगते. धीर धर.

रोजे सुरू झालेत. आमच्या खालच्या मजल्यावर दिवसभर सामसूम आणि संध्याकाळी एकदम भज्यांचा वास. कलीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात ईदच्या कपड्यांची झुंबड आहे. त्यांची सालेहा दिवसभर काज-बटणं करते आणि इफ्तार झाला की वर माझ्या खोलीत येऊन पाय पसरते. तुला ती आठवत असेल. तू खोली बघायला आलास तेव्हा विचारलं होतंस, "पाणी रोज येतं का?" आणि ती म्हणाली होती, "येतं की सर, पण स्वतःच्या मर्जीनं. तुमच्यासारखं." तू हसला नव्हतास. मी जिन्यात जाऊन हसले होते.

लॉजवरचं काम तेच. रिसेप्शन, चाव्या, गरम पाणी. मला इटालियनचं वेड लागलं ते याच रिसेप्शनवर, हे तू चारचौघांत कधी सांगत नाहीस, पण आहे ते आहे. इटलीत गाईंच्या गोठ्यांवर कामाला गेलेली पंजाबी कुटुंबं हुजूर साहिबच्या दर्शनाला येतात. त्यांची तिकडेच जन्मलेली पोरं आपसात इटालियन बोलायची, आजोबांशी पंजाबी आणि माझ्याशी हातवारे. त्यांच्या भाषेत मी पहिल्यांदा "गरम पाणी सकाळी येतं" एवढं म्हणाले, तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा, शाळेत माझ्यासाठी कधी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मग मी कशाला थांबते!

आता गेली दोन वर्षं वरच्या पातळीचं शिकते आहे, तर तिथं व्याकरण संपलेलंच असतं. ते लोक आज कशावर हसतात, कशावरून चिडतात, कुणाचं नाव काढलं की जेवणाच्या टेबलावर भांडण लागतं, हे शिकायचं असतं. माझी बाई, जुलियाना, बारी नावाच्या बंदराच्या गावी राहते आणि दर बुधवारी कॉम्प्युटरवर भेटते. दर आठवड्याला ती मला टीव्हीवरची एक चर्चा ऐकायला लावते, एक रॅप गाणं, आणि वर्तमानपत्रातलं एक सदर. मग म्हणते, "यात काय म्हटलंय ते सांगू नकोस, ते मला कळतं. यात काय चुकलंय ते सांग."

मला कधी काही चुकलेलं सापडायचंच नाही. चर्चेत चौघे एकाच वेळी ओरडत असायचे, एकमेकांच्या विरुद्ध, आणि मला चौघांचंही पटायचं. जुलियाना डोकं धरून बसायची.

हे सगळं तुला का सांगते आहे? कारण तुझ्या बॅनरवरची आणखी एक गोष्ट खरी नाही. पहिल्या प्रयत्नात मी नापास झाले होते.

तू मला विचारलं नव्हतंस आणि मी सांगितलं नव्हतं. तुला वाटलं असेल आपल्या घरचं माणूस नापास होत नाही. जूनमध्ये पुण्याला परीक्षा दिली. लेखी उत्तम, ऐकणं उत्तम. तोंडीला समोर एक वयस्कर बाई, अगदी आपल्या आईच्या वयाची, पांढरे केस, गळ्यात चष्मा. विषय होता की इटलीतली मुलं तिशी उलटली तरी आईबापांच्या घरात राहतात. बाई म्हणाल्या, "हा निव्वळ आळस आहे, नाही का?" मी म्हणाले, "हो, अगदी बरोबर आहे तुमचं." त्या म्हणाल्या, "पण नोकऱ्याच नाहीत, भाडी परवडत नाहीत, तर त्यांचा काय दोष?" मी म्हणाले, "हो, तेही अगदी बरोबर." बिचाऱ्यांनी मला बोलतं करायला आणखी एकदा बाजू बदलली. मी त्यांच्याबरोबर पुन्हा बदलले. मोठ्या माणसांना उलट बोलायचं नसतं हे मला पाठ होतं ना! निकालाखाली शेरा होता की उमेदवाराची भाषा निर्दोष आहे, परंतु तिला स्वतःचं मत नाही.

मी रडले नाही. पण लॉजवर दोन दिवस लोकांना चुकीच्या खोल्यांच्या चाव्या दिल्या.

सालेहाला सांगितलं तर ती आधी पोट धरून हसली आणि मग चिडली. "क्या गे, हर बात पे हाव? तेरे को गुस्सा नै आता क्या?" आणि तिनं माझी शिकवणी सुरू केली. तिला इटालियनचा एक शब्द येत नाही. ती अम्मीचा चष्मा लावून माझ्यासमोर बसायची, वाट्टेल ते ठोकून द्यायची, "नांदेडपेक्षा लातूर लाख पटीनं भारी!" आणि मी इटालियनमध्ये खोडून काढायचं. भाषा कळत नसली तरी तिला चेहरा कळतो. "अब्बी भी माफी मांग रही दिखती तू," म्हणायची. "फिरसे."

तरीही जमत नव्हतं. खोडून काढताना मला वडीलधाऱ्याला ढकलून दिल्यासारखं वाटायचं. मग ऑक्टोबरात लॉजवर एक आजोबा आले, त्यांची नात हरलीन बरोबर. ती ब्रेशा गावाजवळची, कॉलेजात शिकणारी. दोघं माझ्या टेबलासमोर उभे राहून मोठमोठ्यानं भांडायला लागले, तेही इटालियनमध्ये, कारण आजोबांनाही आता रागावताना तीच भाषा सोपी जाते. आजोबांचं म्हणणं, तिनं तिथल्याच गोठ्याचा हिशेब सांभाळावा. तिचं म्हणणं, ती रेडिओवर काम करणार. "नाही आजोबा, तुम्ही चुकताय, आणि का चुकताय ते सांगते," ती म्हणाली, आणि खरंच एकेक कारण सांगितलं. लॉबीतली माणसं बघायला लागली. मला वाटलं आता म्हातारा हिच्या थोबाडीत देतो. पण ती बोलता बोलताच खाली बसली, आणि भांडण न थांबवता तिनं आजोबांच्या सुटलेल्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या.

ती चावी घेऊन वर गेली तेव्हा मी आजोबांना विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?" ते म्हणाले, "ही भांडली नाही तर मला वाटतं हिची तब्येत बरी नाही."

दादा, त्या दिवशी मी जेवले नाही नीट. मला सारखं वाटत होतं, मी तुझ्याशी एकदा तरी भांडले असते तर? बाबा गेले तेव्हा मी सहावीत होते. तू स्वतः कॉलेजात शिकत होतास आणि मला किनवटच्या वसतिगृहात ठेवून माझं सगळं बघत होतास. तू माझ्यासाठी जे केलंस ते कुठल्याच भाषेत मला नीट सांगता येणार नाही. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला हाव म्हणत आले.

डिसेंबरात पुन्हा परीक्षेला बसले. तीच बाई! विषय, शहराच्या मध्यातली घरं पर्यटकांना भाड्यानं जातात आणि राहणारी माणसं बाहेर फेकली जातात. बाई म्हणाल्या, "परक्या माणसांनी गाव मरतं." माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, "बाई, मला पटत नाही. मी ज्या गावात राहते ते यात्रेकरूंवर जगतं, आणि तिथं मला तुमची भाषा सापडली ती परक्या माणसांमुळेच." पुढची दहा मिनिटं आमची दोघींची अशी जुंपली की बाहेर बसलेला पोरगा आत डोकावून गेला. उठताना मी सवयीनं त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांना वाटलं माझं काही पडलं, म्हणून त्याही वाकल्या, आणि आमची डोकी आपटली. पास झाले. चांगली पास झाले.

आता बॅनर.

दादा, मी लातूरला राहायला येणार नाही. तुझ्या क्लासात तुझ्या पद्धतीनं शिकवणार नाही. हे मी फोनवर म्हणू शकले नाही म्हणून हे पत्र.

कारणं सांगते. पहिलं माझं स्वतःचं. मला इथं एक काम मिळालंय, इटालियन मालिकांचे संवाद मराठीत करायचं, खाली पडद्यावर येतात ना तसे. नांदेडला बसून करता येतं आणि मला ते करताना भूक लागत नाही, इतकं आवडतं. दुसरं कारण तुझ्या पोरींचं. तुझा पॅटर्न डॉक्टरकीच्या परीक्षेला चालतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण जुने पेपर पाठ करून आणि सर म्हणतील त्याला मान डोलवून या पोरी इटलीच्या दवाखान्यात गेल्या, आणि एखाद्या दिवशी डॉक्टर चुकीच्या पेशंटला चुकीचं इंजेक्शन द्यायला सांगायला लागला, तर त्या काय म्हणतील? "हाव डॉक्टर" म्हणतील. माझी तर नुसती परीक्षा गेली होती.

हे वाचून तू रागावशील. तुझ्या रागाला मी भीत नाही, तुझ्या गप्प बसण्याला भिते. शेषेरावकाकांनी बांधावरच्या वाटेवरून तुला एकदाच नाही म्हटलं, तर तू आजतागायत त्यांच्या घरी जेवला नाहीस. मी काकांच्या रांगेत जाईन की काय, या भीतीनं हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा सालेहा समोर बसली होती, म्हणून पुरं झालं.

माझं म्हणणं असं. बॅनर उतरव. 'सहा महिन्यांत' काढ, 'पहिल्याच प्रयत्नात' काढ, 'प्रा.' तर आधी काढ. पोरींना सांग की दीड वर्ष लागेल, नोट्स मिळणार नाहीत, टीव्हीवरची भांडणं ऐकावी लागतील, आणि वर्गात मॅडमला रोज एकदा खोडून काढावं लागेल. कधीमधी सरांनाही. हे कबूल असेल तर दर शनिवार-रविवार मी नांदेडहून येईन आणि जीव तोडून शिकवीन. कबूल नसेल तर दुसरी मॅडम बघ.

तुला हे पटलं नाही तर तसं सांग. मोठ्यानं सांग. माझं काय चुकलं ते एकेक करून सांग, मी ऐकेन आणि उलट बोलेन. फक्त गप्प बसू नकोस.

बॅनर उतरवलास तर शिकवायला येते. नाही उतरवलास तरी पाडव्याला जेवायला येतेच. माझं ताट तुझ्यासमोर मांडायला वहिनीला सांग. तू बोलला नाहीस तर मी तुझ्यासमोर बसून चार पुरणपोळ्या खाईन आणि पाचवी तुझ्या ताटातली उचलेन.

आणखी एक. किनवटला मला पहिलं पोस्टकार्ड कसं लिहायचं ते तूच शिकवलं होतंस. वर गाव आणि तारीख, मग नमस्कार, आणि शेवटी 'तुझी आज्ञाधारक बहीण'. तेव्हापासून प्रत्येक पत्राखाली तसंच लिहीत आले. आज त्यातला एक शब्द लिहिलेला नाही. विसरले नाही, ठरवून गाळलाय. उरलेले दोन तपासून बघ, ते पूर्वीसारखेच आहेत.

तुझी बहीण,
आरती