न फुंकता नेलेलं कॉर्नेट

अब्बा, कारंज्याच्या आपल्या दुकानात दुरुस्त झालेला बाजा कुणी तिथे फुंकून पाहत नसे, हे आता सांगितलं तर लोकांना पटत नाही. बँडवाले यायचे, पितळेवर एकदा हात फिरवायचे, फडक्यात गुंडाळायचे आणि थेट लग्नात जाऊन तोंडाला लावायचे. दुकानातच फुंकणं म्हणजे तुमच्यावर शंका घेणं. नवरदेव घोड्यावर आणि कॉर्नेट मुकं, असं झालं तर त्या गावात बँडच्या मास्तरांना पुन्हा कोण बोलावणार? तरी ते फुंकत नसत.

त्या उन्हाळ्यात तुमचा हात थरथरायला लागला होता. मास्तरांच्या कॉर्नेटची नळी सांध्यावर उकलली, तिला कथलाचा डाख मी लावला. तुम्ही शेजारी बसून नुसतं "आच कमी कर" म्हणत होतात. मास्तर न्यायला आले तेव्हा मला वाटलं, तुम्ही गप्प राहाल. पण तुम्ही सरळ सांगता, "मास्तर, डाख पोरीनं लावला. फुंकून पाहा." ते माझ्याकडे बघतात, मग तुमच्याकडे. "चाचा, तुमी पाहलं ना?"

"पाहलं."

"मंग मले कायले फुंकायले लावता? मेडशीची वरात इथूनच काढू काय?" आणि फडक्याला गाठ मारून ते निघतात.

ते परत येईपर्यंत मी सारखी दारात जाऊन रस्ता बघत होते. सांधा सुटला असता तर भर वरातीत त्यांचं हसं झालं असतं, दुकानाची पायरी कुणी चढलं नसतं, आणि माझ्या हाती तर पुन्हा कुणी पितळ दिलं नसतं. मास्तर आले ते ओट्यावर टेकले, चहा मागितला आणि घोडं कसं बिथरलं ते सांगत सुटले. बुंदी झाली, व्याह्यांचं भांडण झालं, कॉर्नेटचा शब्द नाही. मी पडद्याआडून तुम्हाला खुणा करत होते, तुम्ही बघूनही बघितलं नाही. विचारणं म्हणजेही शंकाच. ते गेल्यावर मी म्हटलं, "अब्बा, वाजलं का नाई?"

तुम्ही कप विसळत म्हणालात, "वाजलं नसतं तं चहा पेत बसला असता काय तो?"

पुढे त्यांचे सगळे बाजे माझ्याच हाताखाली आले, म्हणजे तुमचं उत्तर बरोबरच होतं. आता तुम्ही नाही, मास्तरही नाहीत, आणि हा कागद पोचवायचा कुठे हे मला ठाऊक नाही. तरी सांगते, अब्बा, ते 'वाजलं' मला मास्तरांच्या तोंडून ऐकायचं होतं. अजूनही ऐकायचं आहे.