पार्सलची सही

माजिवडा,
९ जून २०२५

चि. मंजुळा हिला काळुरामदादाचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या दिवा गावात पाणी वेळेवर येतं का? भाऊजींचा गुडघा कसा आहे? फोन तीनदा लावला आणि तू उचलायच्या आत मीच कापला. म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात मी येऊन तुझी एका कागदावर सही घेतलेली. तू चहा गाळत होतीस. म्हणालीस, "कसली सही रे दादा?" मी म्हणालो, "पार्सलची." तू हसलीस. "काय मागवलंस माझ्यासाठी?" असं म्हणत हात पुसलेस आणि सही केलीस.

त्या इंग्रजी कागदात खरंच पार्सल लिहिलंय गं. आंबिवलीच्या आपल्या शेताला, ते विकत घेणाऱ्या बिल्डरची माणसं पार्सलच म्हणतात. मी खोटं बोललो नाही, असं महिनाभर स्वतःला सांगत होतो.

परवा नातीला, समृद्धीला विचारलं, "बाळा, पार्सल म्हणजे नक्की काय?"

"हॉटेलातलं, नाहीतर कुरिअरचं."

"आणि जमिनीचं?"

तिने मोबाइलवर शोधलं. "जमिनीचा तुकडापण. शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आला, तिथून इंग्रजीत. मूळ अर्थ छोटा भाग. म्हणजे वाटाच की, आजोबा!"

तेव्हापासून डोकं चालत नाही. खोकंही पार्सल, जमीनही पार्सल, वाटाही पार्सल. मग मी तुला नेमकं काय सांगितलं? शब्द खरा होता तर मी चोर कसा? आणि चोर नव्हतो तर तू हसलीस तेव्हा मी खाली का बघितलं?

मंजुळा, तुला कळलं नाही, हे मला कळलं होतं. बाबांच्या शेतातला हक्क तू सोडलास, असं त्या कागदात आहे.

कागद अजून पुढे गेलेला नाही. काल बिल्डरच्या माणसाला सांगितलं, "बहिणीची सही फसवून घेतलीय, ती धरू नका."

"काका, आता सगळं काम अडेल."

"अडू दे," म्हटलं. तेव्हापासून आपला रवींद्र माझ्याशी, सख्ख्या बापाशी बोलत नाही. त्याचंही चुकतं का, तेही समजत नाही.

रविवारी मोजणी आहे. तू ये. वाटा ठेवायचा की सोडायचा, ते बांधावर उभी राहून तूच सांग. नाही आलीस तरी तुझा हिस्सा मी वेगळा मोजून घेईन.

शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझ्यासमोर मान वर करायला न धजणारा,
काळुराम