मांजरीचं वजन

बाबा,

ठकीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं, आता तशीच कामावर पळतेय. तिचं वजन पुन्हा वाढलंय. पिशवीसकट वजनात बसली तरच ती विमानात माझ्या पायाशी येईल. नाहीतर मालाबरोबर पाठवावी लागेल आणि तो खर्च मला झेपणारा नाही, हे तुम्हाला कानीकपाळी ओरडून सांगितलंय. तरी आज झाडताना तुमच्या पलंगाखाली माशांचे रिकामे डबे सापडले. चारचौघांत 'ही ब्याद परदेशी ने एकदाची' म्हणायचं आणि माझ्या पाठीमागे तिला चारायचं. तिला ठेवून घ्यायची असेल तर तसं तोंडाने सांगा. आणि मीच जाऊ नये असं वाटत असेल, तर तेही मला सांगा, मांजरीला चारून नको.