घरबसल्या पदवी

३ जून
ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. सतरा वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाळीच्या आत बसून लोकांना नट-बोल्ट देतोय. आता बास. डिसेंबरात सुपरवायझर रिटायर होणार. साहेब म्हणाले, पदवी असेल तर जागा तुमची, नाहीतर पॅकिंगच्या बाईंची. माझा अर्थशास्त्राचा एकच पेपर राहिलाय. कॉलेजात होतो तेव्हा वर्गात फार उकडायचं. पॅकिंगच्या बाईंचाही तोच राहिलाय, पण त्या संध्याकाळच्या कॉलेजात जातात. बस, बाक, हजेरी. मी घरी, बनियनवर. कीव येते बिचारीची.

५ जून
अडगळीच्या खोलीत टेबल लावलं. खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. उत्तम, लक्ष कुठे जायलाच नको. बायको म्हणाली, तिथे पंखा नाही. म्हटलं, तपश्चर्येला पंखा लागत नाही.

११ जून
लेक्चर सुरू करून दाढीला गेलो. येऊन बघतो तर लेक्चर थांबलेलं. म्हणे दर आठ मिनिटांनी प्रश्न येणार, बरोबर उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकणार नाही. आमच्या जुन्या कॉलेजात सर कुणाला काही विचारत नसत. माणुसकी होती.
पंखा विकत आणला.

२३ जून
निबंध संध्याकाळी सहाच्या आत द्यायचा होता. सहा वाजून दोन मिनिटांनी पाठवला. घेतला नाही! कारकुनाला गाठावं म्हणून फोन केला, तर एक दाबा, दोन दाबा. कारकूनच नाही म्हटल्यावर हातापाया पडायचं कुणाच्या? लेक म्हणाली, बाबा, आमचे सर आठवड्याने दिला तरी घेतात.
निश्चय: उद्यापासून पहाटे पाच ते सात अभ्यास.

२४ जून, सकाळी ७.४०
पाच वाजून गेले होते.

१९ ऑगस्ट
वर्गातल्या दोघांच्या लिखाणावर मत द्यायचं होतं. 'छान' लिहिलं. किमान शंभर शब्द हवेत म्हणे. शंभर वेळा 'छान' लिहिलं. मोजून लिहिलं, स्टोअरवाला आहे मी. शून्य मिळालं.

७ ऑक्टोबर
दिवसभर जाळी, संध्याकाळी ही खोली. आज बायको आणि लेक फिरायला गेल्या. जिन्यात त्यांचं हसणं ऐकू आलं, मग तेही बंद झालं. जीव गुदमरतो इथे. सोडून द्यावंसं वाटतं. पण सोडलं तर त्या जाळीतच म्हातारा होईन, आणि याची मला मनापासून भीती वाटते.
पॅकिंगच्या बाई सांगत होत्या, सरांनी त्यांना महत्त्वाचे प्रश्न वर्गातच सांगून टाकले. वर मैत्रिणीच्या नोट्स. याला काय शिक्षण म्हणायचं?

२२ नोव्हेंबर
युक्ती सुचली! परीक्षेत कॅमेरा फक्त माझं तोंड बघणार. म्हणजे लॅपटॉपमागची खोलीची भिंत माझी. सगळे धडे कागदांवर लिहून तिथे चिकटवायचे.

३० नोव्हेंबर
एकेचाळीस कागद. पहिल्यांदा अक्षर बारीक पडलं, सगळे परत लिहिले. मग मार्करची शाई फुटली, तिसऱ्यांदा लिहिले. बोटं वाकत नाहीत. बायको म्हणाली, एवढ्या वेळात पाठ झालं असतं. तिला प्लॅनिंग कळत नाही.

६ डिसेंबर, सकाळी ९.५०
तयारी चोख. दहाला पेपर.

सकाळी १०.१५
स्क्रीनवर परीक्षक बाई आल्या. म्हणाल्या, पेपर उघडण्याआधी लॅपटॉप उचलून खोलीच्या चारही भिंती दाखवा. तीन अगदी निवांत दाखवल्या. चौथीला ओल आलीय म्हटलं. बाई म्हणाल्या, ओल दाखवा.

१२ डिसेंबर
वर्षभर परीक्षेला बंदी. जागा पॅकिंगच्या बाईंना. त्या जाळीपाशी येऊन म्हणाल्या, वाईट वाटलं हो. खरंच वाटलं असावं.
घरी आल्यावर लेकीला पटवून देत होतो की ऑनलाइन शिक्षणात काही दम नसतो. ती म्हणाली, कॉलेजने तो पेपर साइटवर टाकलाय, आणि एकेक प्रश्न वाचायला लागली. बायको भिंतीवरचे कागद उतरवत होती. मी भिंतीकडे पाठ करून बुटांना पॉलिश करत होतो. सहज म्हणून उत्तरं देत गेलो. बायकोने कागदांत बघून सगळी तपासली.
दहापैकी दहा.
 मग बायकोने गठ्ठा नीट केला आणि विचारलं, हे ठेवू, की रद्दीत देऊ?
मी दुसरा बूट पॉलिशला घेतला.